वाचकांचे प्रश्न : फोटोखालचं साल बघा

गेल्या महिन्यात मी एवढंच लिहिलं होतं की एमबीए कॉलेजातून शिकून बाहेर पडलेल्यांबद्दल, त्यांच्या पदांबद्दल, पुरस्कारांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि पत्रं, ईमेल मिळून इतकं आलं की सगळं एका अंकात बसणं शक्यच नाही. त्यातले आठ प्रश्न घेतलेत. मी बावीस वर्षं पुण्यातच कॉलेजांच्या प्लेसमेंट ऑफिसमध्ये काम केलंय, पहिल्या इंटरव्ह्यूला नवीन शर्टाची पाकिटातली घडी तशीच ठेवून आलेली पोरं बघितलीत आणि त्यातलीच काही पुढे मोठ्या हुद्द्यावर गेलेली पण बघितलीत, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

प्रश्न : मुलाला कॅटमध्ये, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेत, फार चांगलं पर्सेंटाइल नाही, पण पुण्याजवळच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात ॲडमिशन मिळतेय. दोन वर्षांचे सगळे धरून सतरा लाख. आम्ही बघायला गेलो तर कॉरिडॉरमध्ये भिंतभर फोटो, अमुक कंपनीचे सीईओ, तमुक बँकेचे डायरेक्टर, वर मोठ्या अक्षरात ‘आमचे माजी विद्यार्थी’. ते बघून ह्यांनी लगेच चेक द्यायचं ठरवलं. मला मात्र धीर होत नाहीये. (एक आई, कोथरूड)

उत्तर : ताई, चेक आठ दिवस थांबवा आणि परत एकदा त्या कॉरिडॉरमध्ये जाऊन या. यावेळी चेहरे बघू नका, फोटोखाली बॅचचं साल लिहिलंय का ते बघा, आणि नसेल तर ऑफिसात जाऊन विचारा. कारण या क्षेत्रात मान मिळतो तो फार उशिरा. इंद्रा नूयी आयआयएम कलकत्त्यातून १९७६ ला बाहेर पडल्या, मग अमेरिकेत येलमधून १९८० ला मॅनेजमेंटची पदवी घेतली, पेप्सिकोच्या सीईओ झाल्या २००६ ला आणि पद्मभूषण मिळालं २००७ ला. म्हणजे कलकत्ता सोडल्यावर एकतीस वर्षांनी. अजय बंगा आयआयएम अहमदाबाद संपवून १९८१ ला नेस्लेत लागले, मास्टरकार्डचे सीईओ झाले २०१० ला, पद्मश्री २०१६ ला, आणि वर्ल्ड बँकेचे अध्यक्ष जून २०२३ मध्ये.

आता पुण्याचं बघा. विद्यापीठाचा मॅनेजमेंट विभाग, पुंबा, १९७१ पासूनचा, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं आयएमडीआर १९७४ चं, सिंबायोसिसचं एसआयबीएम १९७८ चं. या कॉलेजांचे लोक आज साठीला आलेत, मोठ्या जागांवरून रिटायर पण झालेत, त्यांच्या भिंतीवर फोटो असणार हे उघड आहे. पण जे कॉलेज २००८-१० नंतर सुरू झालं त्याची पहिली बॅच आत्ता कुठे चाळिशीला टेकतेय. तिथे पांढऱ्या केसांचे सीईओ भिंतीवर दिसले तर विचारा की हे इथे दोन वर्षांचा कोर्स करून गेले, का चार आठवड्यांच्या शॉर्ट कोर्सला आले होते, का नुसतं गेस्ट लेक्चर द्यायला आले होते. शॉर्ट कोर्सवाल्याला माजी विद्यार्थी म्हणणं खोटं नाही, जगभर तसं म्हणतात. रतन टाटांची पदवी कॉर्नेलची, आर्किटेक्चरची, हार्वर्ड बिझनेस स्कूलला त्यांनी १९७५ मध्ये ॲडव्हान्स्ड मॅनेजमेंट प्रोग्रॅम केला तो काही आठवड्यांचा, आणि हार्वर्ड त्यांना अभिमानाने आपलं म्हणतं. पण तुमचा मुलगा दोन वर्षांसाठी जाणार आहे, त्यामुळे त्याच्यासाठी दोन वर्षं तिथे राहून गेलेलेच मोजायचे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भिंतीवर नसलेल्या मुलांचं काय झालं. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ रँकिंगमध्ये जी कॉलेजं भाग घेतात त्यांना दरवर्षी किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांचा मीडियन पगार किती हे भरून द्यावं लागतं, आणि ती माहिती कॉलेजच्या वेबसाइटवर पण ठेवावी लागते. मीडियन म्हणजे सगळ्यांचे पगार चढत्या क्रमाने ओळीत लावले तर बरोबर मधल्या मुलाचा पगार. ॲव्हरेजच्या आकड्यावर जाऊ नका, एकाला परदेशात चाळीस लाख मिळाले की सगळ्या वर्गाचं ॲव्हरेज वर जातं आणि बाकीच्या पोरांच्या हातात तेवढेच सहा लाख राहतात.

मी ज्या कॉलेजात होते तिथे बाहेरून कमिटी यायची असली की आदल्या दिवशी आमचे शिपाईकाका स्टुलावर चढून एकेक फ्रेम ओल्या फडक्याने पुसायचे. एकदा पुसता पुसता त्यांनी विचारलं, मॅडम, यातले परत किती जण येतात हो कॉलेजात? मी मोजले. चौतीस फोटो होते, त्यातले सहा जण येत होते. पण ते सहा जण दरवर्षी दिवाळीनंतर एक शनिवार काढायचे, पोरांचे मॉक इंटरव्ह्यू घ्यायचे, बायोडेटावर लाल पेनाने लिहून द्यायचे, एखाद्याला स्वतःच्या कंपनीत बोलावून घ्यायचे. माझ्या मते कॉलेजची खरी पुण्याई ती, ते सहा जण. तेव्हा तुम्ही पण हेच विचारा की परत किती येतात, कशासाठी येतात, आणि जमलं तर गेटबाहेरच्या टपरीवर सेकंड इयरच्या चार पोरांना चहा पाजा, ती खरं सांगतील.

प्रश्न : वय २७, हिंजवडीत आयटीत आहे, पाच वर्षं झाली. नाडेला, पिचाई सगळ्यांचं एमबीए झालेलं आहे. नोकरी सोडून एमबीए करू का? की उशीर झाला? (एक वाचक, वाकड)

उत्तर : उशीर अजिबात झालेला नाही, पण नोकरी सोडलीच पाहिजे असं तुला कुणी सांगितलं? तू ज्यांचं नाव घेतलंस त्या सत्या नाडेलांनीच नोकरी सोडली नव्हती. ते १९९२ पासून मायक्रोसॉफ्टमध्ये होते, अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, आणि शिकागो युनिव्हर्सिटीच्या बूथ स्कूलचं एमबीए त्यांनी वीकएंडला विमानाने शिकागोला जाऊन येऊन केलं, १९९७ ला पूर्ण झालं. सीईओ झाले फेब्रुवारी २०१४ मध्ये. ही मधली सतरा वर्षं कुणी सांगत नाही, पण मला विचारशील तर सगळं त्या सतरा वर्षांतच आहे, त्याच कंपनीत एक काम संपवून दुसरं घेणं, नवीन टीम बांधणं, क्लाउडचं काम अंगावर घेणं.

सुंदर पिचाईंचं वेगळं. खरगपूरची आयआयटी, मग स्टॅनफर्ड, थोडी नोकरी आणि नंतर व्हार्टनला पूर्णवेळ एमबीए, २००२ ला. तिथे ते पामर स्कॉलर होते, वर्गातल्या वरच्या पाच टक्क्यांना हा मान देतात. तो त्यांच्या हातात पडला तेव्हा त्यांना कुणी ओळखत नव्हतं. गूगलला २००४ ला लागले, सीईओ झाले २०१५ ला.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मला सापडली नाही, ती म्हणजे तुला कशाचा कंटाळा आलाय. कोडिंगचाच आलाय, का मॅनेजरचा आलाय, का पगार वाढत नाही म्हणून? पहिलं असेल तर पूर्णवेळ एमबीएचा विचार कर कारण तिथे लाइन बदलता येते, प्रॉडक्ट, फायनान्स, कन्सल्टिंग. बाकी दोन असतील तर पुण्यातच नोकरी सांभाळून करायचे कोर्स आहेत, शनिवार-रविवारचे, आणि त्याआधी कंपनी बदलून बघ. वीस-पंचवीस लाखाचं कर्ज काढून मॅनेजर बदलणं परवडत नाही रे.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं १९९४ चं आयआयएमचं सर्टिफिकेट आहे त्यावर ‘पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा’ लिहिलंय, आणि भाच्याला आता त्याच आयआयएममधून एमबीए डिग्री मिळाली. मिस्टरांचं कमी दर्जाचं समजायचं का? (एक वाचक, औंध)

उत्तर : अजिबात नाही. आयआयएम तेव्हा सोसायटी म्हणून रजिस्टर होत्या, त्यांना पदवी द्यायचा अधिकार कायद्याने नव्हता. संसदेने २०१७ मध्ये आयआयएमचा कायदा केला, तो ३१ जानेवारी २०१८ पासून लागू झाला आणि तेव्हापासून डिग्री मिळते. इंद्रा नूयी, अजय बंगा, रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन (अहमदाबाद, १९८७, गोल्ड मेडल), हे सगळे आयआयएमचे डिप्लोमावालेच. मिस्टरांना सांगा, फ्रेम करून लावा.

प्रश्न : माझे वडील आकुर्डीला बजाजमध्ये होते, तीस वर्षं. राहुल बजाजांबद्दल ते फार आदराने बोलायचे. साहेब हार्वर्डला शिकलेत म्हणायचे. एवढं मोठं झाले ते हार्वर्डमुळे का? (एक वाचक, निगडी)

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. राहुल बजाज हार्वर्ड बिझनेस स्कूलचे १९६४ चे एमबीए, आणि पुढे हार्वर्डने त्यांना माजी विद्यार्थ्यांसाठीचा त्यांचा मोठा पुरस्कार पण दिला, पद्मभूषण २००१ ला मिळालं. पण आपण पिंपरी-चिंचवडकडचे लोक त्यांचं जे सांगतो ते वेगळं असतं. १९६८ मध्ये तिशीत कंपनीची सूत्रं हातात घेतली आणि राहायला कुठे, तर आकुर्डीच्या कारखान्याच्या आवारात. मुंबईत मलबार हिलला राहता आलं असतं की. परवाना राज होतं, वर्षाला स्कूटर किती काढायच्या हे सरकार ठरवायचं, लोक नंबर लावून दहा-दहा वर्षं स्कूटरची वाट बघायचे, आणि त्या काळात हा माणूस उघडपणे म्हणायचा की आम्हाला जास्त बनवू द्या. हार्वर्डने विचार करायची पद्धत दिली असेल, ती मी कमी लेखत नाही, पण रोज सकाळी शिफ्टचा भोंगा स्वतःच्या कानाने ऐकणं हे काही वर्गात शिकवत नाहीत. १२ फेब्रुवारी २०२२ ला पुण्यातच गेले ते. वडील असतील तर त्यांच्याकडून त्या वर्षांच्या गोष्टी लिहून घ्या.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाची स्मरणिका निघतेय, संपादनाचं काम माझ्याकडे आहे. काही जणांना पद्म पुरस्कार मिळालेत, नावं ‘पद्मश्री अमुक अमुक’ अशीच छापायची ना? आणि आमच्या एका सरांचं नाव आम्हाला पाठवायचंय, कुणाची ओळख लागते का? (एक निवृत्त प्राध्यापक, सदाशिव पेठ)

उत्तर : सर, तसं छापू नका. सगळीकडे छापतात हे खरंय, पत्रिकांवर, फ्लेक्सवर, दाराच्या पाटीवर पण, तरी ते नियमात बसत नाही. घटनेच्या कलम १८ प्रमाणे सरकार किताब देऊ शकत नाही, आणि पद्म पुरस्कार हा किताब नाही तर सन्मान आहे, म्हणून तो नावाच्या आधी किंवा नंतर जोडता येत नाही, सुप्रीम कोर्टाने १९९५ च्या निकालात हे स्पष्ट सांगितलंय. तुम्ही परिचयात वेगळं वाक्य घाला, ‘यांना अमुक साली पद्मश्री देऊन गौरवण्यात आलं’, बास. त्यात मान कमी होत नाही.

ओळख लागत नाही. सरकारच्या पोर्टलवर कुणीही कुणाचंही नाव पाठवू शकतं, शेवटची तारीख दरवर्षी जाहीर होते ती बघून ठेवा. जास्तीत जास्त आठशे शब्दांत काम लिहायचं असतं, आणि इथेच आपली माणसं कमी पडतात, कारण ‘थोर व्यक्तिमत्त्व’, ‘अजातशत्रू’ असंच लिहून सगळे शब्द संपवतात. सरांनी नेमकं काय सुरू केलं, कुठल्या साली, किती मुलांना त्याचा उपयोग झाला, ते आज चालू आहे का, एवढंच लिहा. पुरस्कारात पैसे नसतात, राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळतं. एक आधी तपासा, सरकारी नोकरीत असलेल्यांना, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून, तो नोकरीत असेपर्यंत मिळत नाही.

स्मरणिकेत घालण्यासारखी एक गोष्ट सांगते. २०२२ ची पद्मभूषणची यादी काढून बघा, व्यापार-उद्योग विभाग. त्यात शिकागोच्या बूथचे नाडेला आहेत, व्हार्टनचे पिचाई आहेत, आणि त्याच यादीत आपले सायरस पूनावाला आहेत, आपल्या बीएमसीसीचे, म्हणजे भांडारकर रस्त्याच्या बाजूला जे कॉमर्स कॉलेज आहे १९४३ पासूनचं, तिथले. १९६६ ला तिथून बाहेर पडले आणि त्याच वर्षी सीरम इन्स्टिट्यूट ही लसींची कंपनी सुरू केली. घरचा धंदा घोड्यांचा, म्हातारी झालेली घोडी मुंबईला हाफकिन संस्थेत जायची, तिथे घोड्यांच्या रक्तातून विषावर उतारा म्हणून टोचायचं सीरम करायचे, मग ते आपणच का करू नये हा विचार त्यातून आला. बीएमसीसीच्या मुलांना मी हे नेहमी सांगते आणि सांगताना मला दरवेळी भरून येतं.

प्रश्न : मला एक मेल आलाय की ‘टॉप यंग बिझनेस लीडर’ पुरस्कारासाठी माझी निवड झालीय, दिल्लीत फाइव्ह स्टार हॉटेलात कार्यक्रम, आणि प्रोसेसिंगचे ६५ हजार भरायचेत. एमबीएला सात वर्षं झालीत. लिंक्डइनवर टाकायला चांगलं आहे असं मित्र म्हणतो. भरू का? (एक वाचक, बाणेर)

उत्तर : नको भरू. ज्याला पुरस्कार द्यायचा त्याच्याकडून पैसे घेणारा पुरस्कार तो पुरस्कार नाही, ती विक्री आहे. पद्म असो, मॅगसेसे असो, हार्वर्ड किंवा आयआयएम आपल्या माजी विद्यार्थ्यांना देतात ते असोत, कुणी घेणाऱ्याकडून एक रुपया घेत नाही.

हे मी अनुभवाने सांगतेय. काही वर्षांपूर्वी मलाच ‘बेस्ट प्लेसमेंट प्रोफेशनल’चा फोन आला होता, बोलणारी मुलगी इतकी गोड बोलली की मी आनंदाने घरी फोन करून सांगितलं, सासूबाईंनी संध्याकाळी शिरा केला. दुसऱ्या दिवशी मेल आला, त्यात ट्रॉफीचे वेगळे, टेबलचे वेगळे, मासिकात अर्ध्या पानाच्या मुलाखतीचे वेगळे. मी नाही भरले, पण त्या शिऱ्याची आठवण आली की अजून वाईट वाटतं, कारण घरच्यांचा आनंद खरा होता.

इंटरव्ह्यू घेणारे अनुभवी लोक हे पुरस्कार बरोबर ओळखतात. ज्युरीत कोण होतं, किती नावांतून निवड झाली, गेल्या वर्षी कुणाला मिळाला, या तीन प्रश्नांना उत्तर नसलं की बायोडेटावरच्या बाकीच्या खऱ्या ओळींवरचा विश्वास पण उडतो. त्या ६५ हजारात एखादं चांगलं सर्टिफिकेशन कर, आणि तू कंपनीत जे काम केलंस ते आकड्यासकट दोन ओळीत लिही.

प्रश्न : मी जुन्नर तालुक्यातली, बाबांची द्राक्षबाग आहे, आता पुण्यात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला शेतकऱ्यांच्या कंपनीत, गावाकडे काम करायचंय. पण कॉलेजात जे माजी विद्यार्थी बोलायला येतात ते सगळे बँका, कन्सल्टिंग, एफएमसीजीचे (साबण-बिस्किटं विकणाऱ्या कंपन्यांचे). मी हे बोलले तर मैत्रिणी म्हणतात मग एमबीए कशाला केलंस, आणि बाबा पण म्हणतात की शेतीतून बाहेर पडावं म्हणूनच तुला शिकवलं. मी चुकतेय का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : बाळा, आलेल्या सगळ्या पत्रांत मला तुझं पत्र सगळ्यात जास्त आवडलं म्हणून तुला सगळ्यात जास्त जागा देतेय.

दीप जोशी हे नाव तुझ्या कॉलेजच्या भिंतीवर नसेल. उत्तराखंडातल्या डोंगरातल्या गावातला मुलगा, इंजिनिअर झाला, अमेरिकेत एमआयटीला गेला, तिथून इंजिनिअरिंगची मास्टर्स आणि तिथल्याच स्लोन स्कूलमधून मॅनेजमेंटची मास्टर्स. म्हणजे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या बिझनेस स्कूलपैकी एक. परत आल्यावर ते एकदा आपल्या नगर जिल्ह्यातल्या जामखेडला गेले, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचं काम बघायला. हे दोघं डॉक्टर अमेरिकेत शिकून आलेले आणि १९७० पासून जामखेडला राहून गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण देत होते, त्यातल्या कितीतरी बायका निरक्षर, पण त्या बाळंतपण, बाळांची वजनं, पाणी उकळणं सगळं गावाला शिकवत होत्या. जोशींच्या मनात आलं की एवढी शिकलेली, कुशल माणसं गावात येऊन राहिली तर हे होऊ शकतं, मग अशी माणसं अजून का नाहीत? त्यातून १९८३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘प्रदान’ ही संस्था काढली. त्यात विजय महाजन होते, आयआयटी दिल्ली आणि आयआयएम अहमदाबादचे. कल्पना साधी होती, चांगल्या कॉलेजातली शिकलेली मुलं निवडायची, ट्रेनिंग द्यायचं आणि खेड्यात राहायला पाठवायचं, बायकांचे बचत गट, शेती, पाणी, कोंबडीपालन यावर काम करायला. दीप जोशींना २००९ मध्ये मॅगसेसे मिळाला आणि २०१० मध्ये पद्मश्री. ते नेहमी सांगतात की गावाच्या कामाला मन पण लागतं आणि डोकं पण लागतं, नुसती कळकळ पुरत नाही.

आता तुझ्याकडे येऊ. तुझ्या भागात शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, त्यातल्या कितीतरी कागदावर आहेत, कारण हिशोब कुणाला नीट ठेवता येत नाही, खेळतं भांडवल कसं काढायचं माहीत नाही, कोल्ड स्टोरेजचा खर्च किलोमागे किती पडतो ते मांडलेलं नसतं. हेच तर तू शिकतेयस ना? वर्किंग कॅपिटल, कॉस्टिंग, सप्लाय चेन? तुझ्या वर्गातल्या कितीजणींनी थिनिंगच्या वेळी, म्हणजे मणी विरळ करताना, घडात कात्री चालवलीय, किंवा व्यापाऱ्याने माल उचलून पैसे बुडवले की घरात काय होतं ते बघितलंय?

मात्र पगाराचं डोळे उघडे ठेवून बघ, पहिल्या वर्षी तुझ्या मैत्रिणींच्या निम्मा पण मिळणार नाही कदाचित, आणि शिक्षणाचं कर्ज असेल तर आधी दोन-तीन वर्षं एखाद्या ॲग्री कंपनीत किंवा बँकेच्या शेती कर्ज विभागात काढ, त्यात कमीपणा नाही, उलट कर्ज देणारा काय बघतो ते आतून कळतं. पुण्यातच विद्यापीठ रस्त्याला वैकुंठ मेहता सहकारी व्यवस्थापन संस्था आहे, एक दिवस जाऊन तिथली लायब्ररी बघ आणि कुणाशी तरी बोल. गुजरातेत आणंदला अमूलच्या डॉ. कुरियन यांनी १९७९ मध्ये इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था सुरू केली ती याच कामाला माणसं तयार करायला, तिथून शिकून गेलेले दूध संघात, संस्थांमध्ये सगळीकडे आहेत, त्यांना मेल लिही. दहा लिहिलेस तर दोघं-तिघं तरी उत्तर देतील.

बाबांशी मात्र भांडू नकोस. शेतीतून बाहेर पड म्हणतात ते तुझ्या काळजीने, त्यांनी गारपिटीनंतरची बाग बघितलीय. त्यांना एकदा शेजारी बसवून त्यांच्याच बागेचा तीन वर्षांचा जमाखर्च लॅपटॉपवर मांडून दाखव, औषधं, मजुरी, पेटीचा खर्च, किलोला हातात किती पडले. बोलणं त्यावरून सुरू होऊ दे.

प्रश्न : मी २००६ ची एमबीए, एचआर. दोन मुलं झाली, सासरे आजारी होते, नऊ वर्षं घरी होते, आता चार वर्षं एका छोट्या कंपनीत पेरोल बघते. जानेवारीत आमच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे. एक जण व्हाइस प्रेसिडेंट, एकीला ‘फोर्टी अंडर फोर्टी’ (चाळिशीच्या आतल्या चाळीस जणांना देतात तो) मिळालाय, कॉलेज त्यांचा सत्कार पण करणार आहे. मला जायची इच्छाच होत नाही. एक मैत्रीण रोज फोन करते, चल म्हणून. काय करू? (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : ताई, तुम्हाला वाटतंय ते अगदी स्वाभाविक आहे, आणि ‘तुलना करू नका’ असं मी म्हणणार नाही कारण ती होतेच. फक्त तुलना करायचीच तर पूर्ण करा. फाल्गुनी नायर आयआयएम अहमदाबादच्या १९८५ च्या बॅचच्या, कितीतरी वर्षं कोटकमध्ये नोकरी केली, नायका ही ऑनलाइन सौंदर्यप्रसाधनं विकणारी कंपनी काढली २०१२ मध्ये, पन्नाशीला एक वर्ष असताना, आणि कंपनी शेअर बाजारात आली २०२१ मध्ये. त्यांच्या बॅचचं विसाव्या वर्षी गेट-टुगेदर झालं असेल तर तेव्हा नायकाचं नाव पण कुणाला माहीत नव्हतं. नृत्यांगना मल्लिका साराभाई आयआयएम अहमदाबादच्याच १९७४ च्या बॅचच्या, त्यांना पद्मभूषण मिळालं २०१० ला आणि ते नृत्यासाठी. म्हणजे कुणाचं काय, कधी आणि कशात पुढे येईल याचं वेळापत्रक कॉलेजकडे नसतं.

आणि नऊ वर्षं तुम्ही नुसत्या बसून नव्हता. सासऱ्यांचं आजारपण, दोन मुलं, हॉस्पिटलची बिलं, मेडिक्लेमची कागदपत्रं, हे सगळं सांभाळलेली बाई पेरोलवर बसली की कामगाराचा पीएफ अडकल्यावर त्याच्या घरी काय होतं हे तिला सांगावं लागत नाही. मी प्लेसमेंटला असताना करिअर ब्रेकनंतर परत आलेल्या बायकांना कंपन्यांसमोर उभं करायची तेव्हा त्या ब्रेकबद्दल माफी मागितल्यासारखं बोलायच्या, त्यांना मी सांगायची की सरळ सांगा, नऊ वर्षं घरी होते, या या कारणासाठी, आणि आता हे हे येतं. तुम्ही पण तिथे कुणी विचारलं तर एवढंच सांगा.

सत्काराच्या वेळी मनापासून टाळ्या वाजवा, ती पोरगी तुमच्याच बाकावर बसायची ना. जेवणाच्या वेळी व्हाइस प्रेसिडेंटला गाठून विचारा की तुमच्याकडे कॉम्प आणि बेनिफिट्समध्ये, म्हणजे पगार-सवलती ठरवणाऱ्या विभागात, मधल्या लेव्हलला जागा आहेत का, बॅचमेटला हे विचारण्यात काही गैर नाही, माझ्या पाहण्यात चाळिशीनंतरच्या कितीतरी नोकऱ्या अशा जेवणाच्या रांगेतच ठरल्यात. आणि जी मैत्रीण रोज फोन करतेय तिला आजच हो सांगून टाका, दोघी मिळून जा, साड्या आधी ठरवा.